बिलाचं पाकीट, बिनबिलाचं पाकीट

धरणगावात मे महिना लागला की कृषी केंद्रांच्या ओट्यांवर एकच विषय असतो. पाऊस नव्हे, त्याला अजून अवकाश असतो. विषय असतो पाकिटांचा. कपाशीचं बियाणं आलं का, कोणतं वाण आलं, कोणाकडे आलं, आणि मग आवाज एक पट्टी खाली आणून, 'ते दुसरं' आलं का. 'ते दुसरं' म्हणजे एचटीबीटी. अळीबरोबर तणनाशकही सोसणारी ही कपाशी. तिला देशात अजून परवानगी नाही, तरी गुजरातेतून नि मध्य प्रदेशातून दर हंगामात ती खानदेशात पोचते. त्याच सुमाराला कृषी विभागाची भरारी पथकंही बाहेर पडतात. कुठे बनावट गिऱ्हाईक पाठवून सापळा लागतो, कुठे गाडी अडवली जाते, कुठे गोठ्यातल्या कडब्यामागून पिशव्या निघतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो : टेबलावर पाकिटांची रास, मागे अधिकारी नि पोलीस रांगेत. मथळा ठरलेला असतो, गावाचं नाव तेवढं बदलतं.

या फोटोबद्दल दोन माणसांचं म्हणणं इथे मांडतो. एक नाना. बाजारपेठेत त्यांचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. भिंतीवर बियाणं, खतं आणि कीटकनाशकं असे तिन्ही परवाने चौकटीत लावलेले, खाली खडूने लिहिलेला साठाफलक नि भावफलक. दुसरा अप्पा. तापीकाठच्या एका गावचा, बारा एकरांचा धनी, निम्मं रान ठिबकवर आणि निम्मं आभाळावर. वयाने नानांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, उधारीने नानांशी बांधलेला, मताने अजिबात नाही. आडनावं देत नाही, कारण बोलणं असं आहे की दोघांनाही अडचण व्हावी. दोघं बोलतात खानदेशी. ती जशीच्या तशी लिहिली तर पुण्याच्या वाचकाला पानोपानी टीप द्यावी लागेल, म्हणून प्रमाण मराठीत उतरवली आहे. त्यात नानांचा तिखटपणा थोडा उतरतो, त्याला इलाज नाही.

अप्पा : 'बोगस बियाणे जप्त.' नाना, बोगस म्हणजे न उगवणारं ना? हे तर उगवतं. शेजारच्या रानात मी डोळ्यांनी पाहिलंय. वरून फवारा मारला, गवत पिवळं पडलं आणि कपाशी जशीच्या तशी. मग बोगस कसं?

नाना : एकाचं उगवलं म्हणून खरं झालं का? त्याच गाडीतलं दुसऱ्याचं उगवलं नसेल. तो दुसरा बोलत नाही, कारण बोलायचं कोणाजवळ? आण बरं ते पाकीट इकडे.

अप्पाच्या पिशवीत एक रिकामं पाकीट होतंच. शेजाऱ्याचं, असं तो म्हणाला. आम्ही जास्त विचारलं नाही. नानांनी ते काउंटरवर ठेवलं आणि शेजारी आपल्या दुकानातलं एक ठेवलं.

नानांच्या पाकिटावर बारीक अक्षरांची गर्दी होती. वाणाचं नाव, कंपनीचा पूर्ण पत्ता, लॉट नंबर, चाचणीची तारीख, कुठवर वापरायचं ती तारीख, उगवणशक्ती किमान ७५ टक्के, वजन ४७५ ग्रॅम आणि किंमत. २०२५ च्या हंगामाला केंद्राने या पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये ठरवली होती, त्याच्या आदल्या वर्षी ८६४. दुसऱ्या पाकिटावर फुटलेल्या बोंडाचं पांढरंशुभ्र चित्र, खाली सोनेरी अक्षरांत एक भारदस्त नाव आणि मागची बाजू जवळजवळ कोरी. पत्ता नाही, लॉट नाही, तारीख नाही, किंमतही नाही. चित्रापुरतं बोलायचं तर दुसरं पाकीट सरस होतं.

नाना : कितीला घेतलं शेजाऱ्याने?

अप्पा : पंधराशेला.

नाना : बिल?

अप्पा : कसलं बिल? रात्री मोटारसायकलवर आणून दिलं, रोख मोजून घेतले.

नाना : मी नऊशे एकाच्या वर पाच रुपये लावले तर तू कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार घेऊन जाशील. तिथे सहाशे जास्त मोजतोस आणि वर त्याला चहा पाजतोस.

अप्पा : कारण तो जे देतो ते तुमच्याकडे मिळत नाही.

नाना : मिळत नाही, कारण मला विकता येत नाही. लोकांना वाटतं परवाना म्हणजे भिंतीवरचा हा कागद. त्याचे दोन मजले आहेत, अप्पा. खालचा माझा. १९८३ चा बियाणे नियंत्रण आदेश. कोणत्या कंपनीचं बियाणं ठेवतो त्याचं उगम प्रमाणपत्र आणायचं, परवान्यात नोंदवायचं, साठा फळ्यावर लिहायचा, प्रत्येक गिऱ्हाइकाला बिल द्यायचं. वरचा मजला दिल्लीत. जनुक बदललेलं पीक असेल तर पर्यावरण कायद्याखाली जीईएसी नावाची समिती आधी ते पास करते. एचटीबीटी तिथे पास झालेलं नाही. मग मी खाली दहा परवाने टांगले तरी ते पाकीट माझ्या दुकानात सापडलं की मी आत.

अप्पा : मग त्या मोटारसायकलवाल्याला विनापरवाना कशाला म्हणता? परवाना मिळत असून ज्याने काढला नाही तो विनापरवाना. याने मागायचा म्हटला तरी खिडकी कुठे आहे?

नाना : खिडकी होती, तिच्यावर अर्जही होता. महिको-मोन्सँटोचा. २०१६ मध्ये त्यांनीच तो काढून घेतला. रॉयल्टीवरून आणि तंत्रज्ञान दुसऱ्या कंपन्यांना द्यायच्या नियमांवरून सरकारशी बिनसलं होतं. 'सरकारने नाकारलं, सरकारने नाकारलं' असं तुम्ही लोक सभेत सांगता. नाकारलं नाही. अर्जदार उठून गेला.

अप्पा : अर्जदार गेला, बियाणं राहिलं ना मागे? केंद्राच्याच समितीने नंतर पाहणी केली. महाराष्ट्र, गुजरात, तेलंगण, आंध्रात सुमारे १५ टक्के कपाशीत ते सापडलं. एवढ्या रानावर खटला भरणार आहात? २००१ आठवा. गुजरातेत बोंडअळीने सगळी कपाशी खाल्ली आणि एक वाण हिरवंगार उभं राहिलं. नवभारत १५१. तपासलं तर आत बीटीचं जनुक, परवानगी नसलेलं. दिल्लीचा हुकूम आला, उपटा नि जाळा. शेतकऱ्यांनी जाळू दिलं नाही, शेतकरी संघटनेचे शरद जोशी त्यांच्या बाजूने उभे राहिले. आणि पुढच्या मार्चमध्ये, २००२ ला, बीटीला परवानगी! तुमच्या दुकानातली आजची सगळी पाकिटं त्याच बीटीची. आधी गुन्हा, मग परवाना.

नाना : अर्धी गोष्ट सांगतोस. परवानगी नवभारतला मिळाली नाही. जी कंपनी वर्षानुवर्षं चाचण्या करत रांगेत उभी होती तिला मिळाली.

अप्पा : पण मिळाली कधी? रान हिरवं दिसल्यावर.

इथे मला अप्पाचं पारडं जड वाटलं. २००२ ची परवानगी केवळ गुजरातमुळे मिळाली असं म्हणणं अतिरेकी आहे, पण बेकायदा पीक आधी आणि निर्णय नंतर हा क्रम शेतकऱ्यांच्या डोक्यात तेव्हापासून पक्का बसला, तो आजही निघालेला नाही. दिल्लीतला उशीरही तो निघू देत नाही. जनुकबदल केलेल्या मोहरीला २०२२ मध्ये मिळालेल्या हिरव्या कंदिलावर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी जुलै २०२४ मध्ये दोन वेगळे निकाल दिले. 'थांबा' हेच उत्तर वीस वर्षं ऐकणारा माणूस मोटारसायकलवाल्याला दार उघडतो.

अप्पा : १० जून २०१९ ला अकोट तालुक्यात अकोली जहाँगीरला शेतकरी संघटनेने जाहीर करून, दिवसाढवळ्या एचटीबीटी पेरलं. चोर असं करतो का?

नाना : ती हिंमत मी मानतो. सत्याग्रह आहे तो, पकडा म्हणून पुढे उभे राहिले. तुझा मोटारसायकलवाला सत्याग्रही आहे का? पकडायला आले की पाकिटं नाल्यात टाकून पळतो. संघटनेच्या आडून पंधराशेचा धंदा करतो तो.

अप्पाने यावर उत्तर दिलं नाही. तो गवताकडे वळला. खरं तर सगळं भांडण गवतापासूनच सुरू होतं.

अप्पा : नाना, तुम्ही दुकानात बसता. जुलैत झड लागली की आठ-आठ दिवस रानात वखर घालता येत नाही, कोळपं चालत नाही. कपाशी वितभर आणि गवत गुडघाभर. निंदणीला बाया बघायला जा. टेम्पो भरून दुसऱ्या गावाला गेलेल्या असतात, तिथे दहा रुपये जास्त म्हणून. रोजी तीनशेच्या पुढे, वर न्यायचं-आणायचं भाडं, आणि सकाळी नऊला येऊन... जाऊ द्या. एक फवारा मारला की हे सगळं मिटतं.

नाना : कसला फवारा? ग्लायफोसेटचा. त्याच्या डब्यावर काय लिहिलंय वाच. चहाचे मळे आणि पीक नसलेली जागा. कपाशी कुठेच नाही. वर ऑक्टोबर २०२२ ला केंद्राने अधिसूचना काढली की तो फक्त परवानाधारक कीड नियंत्रण करणाऱ्यानेच मारायचा. म्हणजे बियाणं चोरीचं आणि फवाराही नियमाबाहेरचा. आणि तुझ्या फवाऱ्याचा वारा शेजारच्या साध्या कपाशीवर गेला तर? ती जळते. तेव्हा पंचनामा कोणाचा करायचा?

हा प्रश्न अप्पाला नीट सोडवता आला नाही, आणि मलाही नाही. आणखी एक नोंद करून ठेवतो. निंदणीवर अर्धा तास चर्चा झाली तेव्हा ओट्यावर निंदणाऱ्यांपैकी कोणी नव्हतं. खानदेशात कपाशीचं तण बायका काढतात. अप्पाला त्यांची रोजी परवडत नाही हे खरं, आणि एका फवाऱ्याने त्यांचे पावसाळ्यातले किती दिवस जातात याचा हिशोब परवाना देणाऱ्यांकडेही नाही नि मागणाऱ्यांकडेही नाही.

मग तारखेचा विषय निघाला, आणि तिथे दोघांचा चक्क मेळ बसला.

नाना : २०१७ ला गुलाबी बोंडअळी आली. त्यानंतरच्या हंगामांत हुकूम आला की १ जूनच्या आत शेतकऱ्याला कपाशीचं पाकीट विकायचं नाही. लवकर लावलेल्या कपाशीवर अळी आधी येते नि पुढच्या पिकाला पसरते, म्हणून. शास्त्र बरोबर असेल. पण आपल्याकडे ठिबकवाला मेमध्येच लावतो, बापजाद्यांपासून. तो जूनपर्यंत थांबत नाही.

अप्पा : थांबलो तर दिवाळीच्या आत वेचणी कशी होईल? मी सरळ सीमा ओलांडून गुजरातेत गेलो होतो. कंपनीचं, बिलाचंच पाकीट घ्यायला. तिथे मिळत होतं.

नाना : आणि तिथे पहिल्यांदा त्याला त्या दुसऱ्या पाकिटाची ओळख झाली. विचार भाऊ, विचार त्याला.

अप्पा हसला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. अळीची साखळी तोडायला काढलेल्या हुकमाने परवानाधारक दुकान मेमध्ये बंद ठेवलं आणि गिऱ्हाइकाला रस्ता दाखवला. एकदा रस्ता पायाखाली आला की माणूस त्यावरून काय काय आणतो यावर भरारी पथकाचा काय ताबा?

धरणगावापुरतं सांगायचं तर सरकार, कापूस आणि परवाना यांची इथली ओळख जुनी आहे. १८५५ मध्ये सरकारने इथे गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली सॉ-जिन बसवून सरकी काढायचा कारखाना सुरू केला होता. तो टिकला नाही. पुढे अमेरिकेत यादवी पेटली, मुंबईच्या बंदरात कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्याबरोबर लबाडीही आली. गाठीत सरकी नि माती मिसळणं, पाणी मारणं, लांब धाग्यात आखूड धागा दडपणं. १८६३ मध्ये मुंबई सरकारने या लबाडीविरुद्ध खास कायदा केला, गाठी बांधणाऱ्या प्रेसना परवाना सक्तीचा झाला, निरीक्षक नेमले गेले. त्याच काळात खानदेशचे कलेक्टर अ‍ॅशबर्नर हिंगणघाटचं बियाणं आणून इथे रुजवत होते, कारण विलायतेतल्या गिरण्यांना ते हवं होतं. वीसेक वर्षांत कायदा गुंडाळला गेला. त्या परवान्यात एक गोष्ट स्वच्छ होती : तो कापूस विकत घेणाऱ्याच्या रक्षणासाठी होता, पेरणाऱ्याच्या नाही. आजचा बियाण्याचा परवाना कागदावर तरी पेरणाऱ्यासाठी आहे. म्हणून त्याची परीक्षा छाप्यात किती पाकिटं सापडली यावर घेऊन भागत नाही.

नानांना मात्र त्या क्षणी छाप्याबद्दलच बोलायचं होतं.

नाना : कायद्याची गंमत ऐक. १९६६ चा बियाणे कायदा. खराब बियाणं विकलं, पहिला गुन्हा, दंड किती? ५०० रुपयांपर्यंत. तेच विनापरवाना विकलं आणि जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्यात बसवलं तर तीन महिने ते सात वर्षं कैद. कोणतं कलम लावायचं ते लावणाऱ्याच्या हातात. पर्यावरण कायद्यात पाच वर्षं कैद होती. २०२३ ला केंद्राने जन विश्वास कायदा आणला, कैद काढली, आता दहा हजार ते पंधरा लाख दंड. आणि त्याच २०२३ मध्ये आपल्या राज्याने काय विधेयक आणलं माहीत आहे? आम्हाला एमपीडीएमध्ये, गुंडांना स्थानबद्ध करायच्या कायद्यात, घालायचं! हातभट्टीवाले, झोपडपट्टी दादा, वाळू तस्कर यांच्या पंगतीत बियाणेवाला.

अप्पा : बोगस विकणाऱ्यालाच ना?

नाना : ठरवणार कोण? कंपनीचं शिवलेलं पाकीट मी न फोडता विकतो. निरीक्षक नमुना नेतो, नमुना नापास होतो, आणि पहिला आरोपी मी. आत काय आहे ते मला एक्स-रे काढून कळणार? म्हणून २ ते ४ नोव्हेंबर २०२३ राज्यभर दुकानं बंद ठेवली आम्ही. विधेयकं समितीकडे गेली. मोटारसायकलवाल्याला कुठे दुकान बंद ठेवावं लागलं? त्याला दुकानच नाही.

नानांची ही तक्रार मला पटते. ज्याचा पत्ता भिंतीवर लावलेला आहे त्याच्याकडे निरीक्षकाला जाणं सोपं पडतं. पण नाना स्वतःला निव्वळ बळी म्हणवतात तिथे मी थांबतो. युरियाच्या गोणीबरोबर नको असलेलं औषध गळ्यात मारणारी दुकानं याच बाजारपेठेत आहेत, आणि त्यांच्याही भिंतीवर तिन्ही परवाने असतात. अप्पाने हे लगेच ऐकवलं. नानांनी 'कंपनीच माझ्या गळ्यात मारते' असं उत्तर दिलं आणि तो मुद्दा तिथेच विरला.

नाना : ते सोड. एक गोष्ट मान. उद्या बियाणं उगवलं नाही, अळी आली, तर माझं बिल घेऊन तुला भांडता येतं. त्या कोऱ्या पाकिटावर कोणाशी भांडशील?

अप्पा : भांडलो ना बिल घेऊन. २०१७ ला. तुमचंच बिल होतं.

आणि मग अप्पाने जे सांगितलं ते या दुपारचं खरं बोलणं होतं.

अप्पा : पहिली वेचणी बरी झाली. दुसरीला बोंड हातात धरलं की बाहेरून काही कळेना. फोडलं की आत गुलाबी अळी आणि पिवळी कवडी. बाया म्हणाल्या, आम्ही ही वेचत नाही, बोटं भरतात. मग सांगितलं, जी फॉर्म भरा. कापूस बियाण्याचा २००९ चा राज्याचा कायदा आहे, त्यात कंपनीकडून भरपाई मिळते. फॉर्मला सातबारा, बिल, पाकीट. मी पाकिटं जपून ठेवली होती, माळ्यावर, दोरीत बांधून. गावातल्या निम्म्या लोकांकडे बिलच नव्हतं, त्यांचं तिथेच संपलं. माझं सगळं होतं. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात आकडा जाहीर झाला. कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० आणि बागायतीला ३७,५००. मी घरात सांगितलं, कर्ज फिटतं.

नाना : मी पण तेव्हा तुझी उधारी मिटली असं धरून बसलो होतो.

अप्पा : मग कळलं त्यात तीन तुकडे आहेत. सरकारच्या आपत्ती निधीचे ६,८००, बागायतीला १३,५००. विम्याचे ८,०००. आणि बियाणे कंपन्यांचे १६,०००. पहिला तुकडा आला, हप्त्याहप्त्याने. विमा मी उतरवला नव्हता. आणि सोळा हजार? कंपन्या म्हणाल्या, अळीला सवय झाली, बियाण्याचा काय दोष. सुनावण्या, कोर्ट. माझ्यापर्यंत त्यातला एक रुपया आला नाही. बिल होतं, पाकीट होतं, लॉट नंबर होता. त्या वर्षी बिनबिलाचं पाकीट लावणाऱ्यालाही सरकारचे ६,८०० मिळाले, मलाही तेवढेच. आता सांगा, तुमच्या बिलाची किंमत किती?

नाना थोडा वेळ गप्प होते. ते बोलले तेव्हा आवाज चढला नव्हता.

नाना : कंपन्यांचं सोड, आपलंही सांगतो. तेव्हा बीटीच्या ४५० ग्रॅमबरोबर १२० ग्रॅमचं साध्या कपाशीचं वेगळं पाकीट यायचं. रानाच्या कडेने लावायचं, अळीला तिथे चरू द्यायचं, म्हणजे तिला बीटीची सवय होत नाही. किती जणांनी लावलं? बांधावर फेकून दिलं सगळ्यांनी. मी इथे रोज सांगायचो, तुम्ही इथेच सोडून जायचात. पोतं भरायचं माझ्याकडे.

अप्पा : खरं आहे. मीही फेकलं. पण ते कंपनीने कोर्टात सांगावं. आणि मग माझे सोळा हजार कापून घ्यावेत, पण काहीतरी ठरवावं.

नाना : ग्राहक आयोग आहे. २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात स्वच्छ सांगितलंय, बियाणं घेणारा शेतकरी ग्राहक आहे, त्याला ग्राहक कायद्याखाली दाद मागता येते.

अप्पा : आणि जळगावच्या चकरा? वकील? पेरणीच्या दिवसात तारीख पडली तर जायचं कोणी? शेजारी म्हणतो ते ऐका. बिलाचं घेतलं तरी बुडतो, बिनबिलाचं घेतलं तरी बुडतो. बिनबिलाच्या पाकिटात निदान निंदणी वाचते.

शेजाऱ्याचं हे गणित चुकीचं आहे असं मला मनापासून म्हणावंसं वाटतं. चोरीच्या पाकिटात एचटी जनुक आहे की नाही हेसुद्धा फवारा मारेपर्यंत कळत नाही, आणि नसलं तर तण आणि कपाशी दोन्ही एका फवाऱ्यात जातात. पण २०१७ चे सोळा हजार न मिळालेल्या माणसासमोर हे म्हणायला जीभ जड होते. छाप्याचा हिशोब पाकिटांत होतो, किलोत होतो, लाखांत होतो. किती बिलांवर किती भरपाई वसूल झाली याचा फोटो टेबलावर मांडून कोणी काढत नाही. विनापरवाना विकणाऱ्यावर कारवाई हवीच. पत्ता नसलेल्या पाकिटावर माणसाचं सबंध वर्ष लागलेलं असतं. पण परवानाधारक पाकीट बुडालं तेव्हा जो कायदा सुनावण्यांत झोपतो, त्याच कायद्याने मेमध्ये मोटारसायकलमागे पळावं, यात शेतकऱ्याला आपलं रक्षण दिसत नाही. त्याला फक्त पळापळ दिसते.

मी हे बोलून दाखवलं तेव्हा दोघांनाही ते पुरतं पटलं नाही.

नाना : म्हणजे भरपाई मिळेपर्यंत चोरी चालू द्यायची?

अप्पा : आणि भरपाई मिळाली की गवत उगवायचं थांबतं का, भाऊ?

नाना : तू सांग अप्पा, खरं सांग. सोळा हजार आले असते तर गेला असतास त्याच्याकडे?

अप्पा : गेलो असतो. सगळं रान नसतं दिलं, पण चार एकर करून पाहिलं असतं.

नाना : आणि आता माझ्याकडून घेतोस ते कशासाठी? बिलावर तर विश्वास नाही तुझा.

अप्पा : उधारी देता म्हणून. तो रोख मागतो.

नानांनी वही ओढली.

नाना : या वर्षी किती लिहू?

अप्पा : आठ.

बारा एकरांना आठ पाकिटं पुरत नाहीत, एकरी दोन धरली तरी चारच एकर होतात. हे तिघांनाही माहीत होतं. नानांनी विचारलं नाही.

नाना : आठ. बिल फाडतो, या वेळी घेऊन जा. गेल्या वर्षीचं अजून इथेच पडलंय ड्रॉवरमध्ये.